तोडणाऱ्यानं आधी खायचं

कुरुद, भिलाई
८ जुलै २०२४

प्रिय मैना आत्या,

तुला फोन करून उपयोग नाही, तुझे कान गेल्यापासून तू फोन उचलतेस आणि एकटीच बोलून ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. हर्षल मला हसतो, म्हणतो या जमान्यात नवऱ्याला मेसेज आणि आत्याला पोस्टाचं पाकीट. हसू दे. तुझ्याशिवाय हे विचारायला मला दुसरं कोणी नाही.

बाबा रोज सकाळी फिरायला जातात. आमच्या घरामागे अजून थोडी मोकळी जमीन आहे, तिथे एक मोठं वारूळ आहे. परवा ते तिथून थैलीभर अळिंबी, आपल्या सात्या, घेऊन आले. इथले शेजारी त्यांना पुटू म्हणतात आणि बाजारात पनीरपेक्षा महाग विकतात. बाबा इतके खूश होते, स्टील प्लँटमधून रिटायर झाल्याच्या दिवशीही मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. मांडी घालून बसले आणि एकेक पुसून ठेवायला लागले. माझी मोना त्यांच्या मांडीजवळ. तिला वाटलं छोट्या छत्र्या आणल्यात.

पण आत्या, मी घाबरले. दर पावसाळ्यात पेपरात येतं, जंगली अळिंबी खाल्ली आणि अख्खं घर दवाखान्यात. मी नेहरू नगरच्या कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. कोण कोणाला खातं, कोण कोणाच्या आधारानं जगतं, याची चित्रं रोज फळ्यावर काढते. आणि घरात समोर पडलेलं अळंबं खायचं की फेकायचं हे मला सांगता येईना. मी बाबांना म्हटलं, याचं मूळ दाखवा, नेटवर मुळाचा फोटो आहे. तर म्हणाले, "मूळ घरी आणत नसतात. ते वारुळाचं हाय." वरचं तोडून आणलं, मूळ तिथंच.

आता मी ओळखायचं कशावरून? त्यांनी आणलेलं मी मोनाला देऊ का? ती सात वर्षांची आहे. तू आणि बाबा लहानपणी सोबत सात्या वेचायला जायचात, तुला सगळं माहीत असेल. लवकर लिही.

बाबा बरे आहेत. वयामुळे थोडंफार विसरतात, बाकी काही नाही.

तुझी,
अनुजा


पिंपळटोला, ता. अर्जुनी मोरगाव
१५ जुलै

चि. अनुजास आत्याचा आशीर्वाद.

एवढी शिकली आणि अळंब्याला भ्यायली, वाचून मला हसू आलं. मग वाटलं, भ्यायली ते बरंच केलं. न भिणाऱ्या माणसानं सात्या खाऊ नयेत.

नीट वाच. सात्या वारुळाशिवाय येत नाही. वाळवी, म्हणजे आपली उधई, ती लाकूड खाते पण तिला ते पचत नाही. म्हणून ती चावून चावून त्याचा आत एक मळा करते, भोकाभोकाचा, मधाच्या पोळ्यासारखा. त्या मळ्यावर ही अळिंबी रुजते. अळिंबी ते लाकूड मऊ करते आणि उधई ते खाते. ती नसेल तर उधई उपाशी, उधई नसेल तर ही रुजायची कुठे. आपल्या वाट्याला येतं ते वर आलेलं फूल. तुझ्या पुस्तकात याला काय म्हणतात मला माहीत नाही, आई म्हणायची उधई शेती करते.

म्हणून मूळ बघायचं. खऱ्या सात्याचं मूळ लांब असतं, दीड वीत तरी, खाली निमुळतं होत थेट वारुळाच्या पोटात जातं. टोपीच्या मधोमध भाल्यासारखं टोक असतं. आणि जिच्या बुडाशी अंड्याच्या कवचासारखी पांढरी वाटी असेल, तिला हात लागला तर हात धुऊन घे. ती झाडाखाली येते, तिचं नातं झाडाच्या मुळांशी. ती तिच्या जागी चांगलीच आहे, झाडाला पाणी आणून देते म्हणतात. फक्त ती आपली नाही.

मूळ घरी आणत नाहीत हे माझा भाऊ देवाजी खरं बोलला. आम्ही मूळ उकरून बघायचो आणि तिथंच दाबून यायचो, वर चिमूटभर तांदूळ. उधईच्या घरातलं नेलं तर थोडं देऊन यावं एवढंच. म्हणजे ज्यानं तोडलं त्यालाच खरं माहीत, घरच्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवायचा. देवाजीचा डोळा पक्का आहे. तू काळजी करू नकोस.

एक मात्र कर. आणल्या की आधी देवाजीला वाढ. तुम्ही दुसऱ्या दिवशी खा. आपल्या घरी असंच करतात.

पत्रात शेवटी एक ओळ घाईत लिहिलीस, तो थोडंफार विसरतो म्हणून. थोडं म्हणजे किती, ते लिही.

तुझी,
मैना आत्या


कुरुद, भिलाई
२४ जुलै

प्रिय आत्या,

तू पकडलंस मला. लपवलं होतं ते सांगते.

बाबा थोडं नाही, पुष्कळ विसरतात. आई गेल्यापासून सुरू झालं आणि यंदा फार वाढलं. सकाळी सकाळी ड्युटीचे बूट घालून उभे राहतात, म्हणतात फर्स्ट शिफ्ट आहे, उशीर होऊन राहिला. रिटायर होऊन बारा वर्षं झाली. हर्षलला कधी ओळखतात, कधी भाडेकरू समजतात. मागच्या महिन्यात घरचा रस्ता चुकले, भाजीवाल्यानं आणून सोडलं. तेव्हापासून त्यांच्या खिशात माझ्या नंबरची चिठ्ठी असते. डॉक्टर म्हणतात हे कमी होणार नाही. तुला कळवलं नाही, कारण तू तिकडे एकटी. आणि खरं सांगू, लिहिलं की खरं होईल अशी भीती वाटायची.

दुसरं सांगते ते लिहायला लाज वाटते. बाबा हावरट झालेत. सात्या शिजवल्या की पातेलं स्वतःजवळ ओढून बसतात. एकटेच खातात. मोनानं हात पुढे केला तर तिच्या हातावर चापट मारली, आत्या. तिच्यावर जीव टाकणारा माणूस. उरलेलं झाकून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः येऊन तिला भरवतात, घे बाई घे म्हणत. रात्री मारायचं आणि सकाळी लाड करायचे. मोना मला विचारते, आजोबांना मी आवडत नाही का?

तुझं पत्र वाचून मला कळलं की हे घरातूनच आलंय. आधी पुरुषानं खायचं, बायकापोरांनी शिळं. राग मानू नकोस, पण तू पण तेच लिहिलंस. माझ्या घरात मला हे चालणार नाही. आता सात्या आणल्या की मी सगळ्यांची ताटं एकदमच वाढणार. बाबांना आवडो न आवडो. ओळखायचं काय ते तू सांगितलंच आहेस, टोपीवरचं टोक बघून घेईन. वारूळही तेच आहे, त्यांचा पायाखालचा रस्ता. बाकी सगळं विसरले तरी ते वारूळ विसरले नाहीत.

उत्तर लिही. रागावली असशील तरी लिही.

तुझी,
अनुजा


पिंपळटोला
२ ऑगस्ट

अनुजा,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. थांब. एकदम वाढू नकोस. मोनाला देऊ नकोस. देवाजीनं आणलेलं आता कोणीच खाऊ नका, तोही नाही.

पुंडलिक, माझा पुतण्या, त्याच्याकडून तुला चार वेळा फोन लावला. बंद आहे म्हणतो. हर्षलचा नंबर माझ्याकडे नाही. म्हणून त्यालाच हे पत्र देऊन पाठवते आहे. उद्या सकाळच्या गाडीनं तो दुर्गला उतरेल आणि तुझं घर शोधत येईल. घाईत लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर त्याला विचार.

आधी पुरुषानं खायचं असं मी लिहिलं नव्हतं. तोडणाऱ्यानं आधी खायचं, असा आपल्या घरचा नियम आहे. बाई असो, पुरुष असो. ज्यानं तोडलं त्यानं आधी खायचं आणि एक रात्र, एक सकाळ जाऊ द्यायची. त्याला काही झालं नाही तरच घरानं खायचं. तो हावरट नाही गं. तो तुमच्याआधी मरायला बसतो रोज.

हा नियम आईनं केला. आम्हाला एक धाकटा भाऊ होता, गुलाब. पाच वर्षांचा. तुला कोणी सांगितलं नसेल, आमच्या घरात ते नाव घेत नाहीत. मी दहाची, देवाजी आठचा. एकदा देवाजीनं सात्या तोडून आणल्या, सगळ्यांनी सोबत खाल्ल्या. त्यात दोनतीन वाटीवाल्या होत्या. सगळ्यांना उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी गुलाब उठून खेळायला लागला, आईनं देवाला दिवा लावला. चौथ्या दिवशी तो पिवळा पडला आणि गेला. बापानं देवाजीला बैलाच्या दोरीनं मारलं. तेव्हापासून आपल्याकडे तोडणारा आधी खातो.

ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याच्या डोळ्यावर विश्वास ठेवू नको. मीच तुला ठेव म्हणाले. चूक माझी.

पुंडलिकाजवळ दोन ओळी लिहून दे. मोना बरी आहे एवढंच लिही.

मैना


भिलाई, हॉस्पिटलमधून
३ ऑगस्ट

आत्या,

पुंडलिकदादा घराला कुलूप बघून शेजाऱ्यांना विचारत इथवर आले. तुझं पत्र मी जिन्यात उभी राहून वाचलं. ते पाच दिवस उशिरा आलं. तुझा दोष नाही. फोनची बॅटरी संपली होती आणि चार्जर घरी होता, मला त्याची शुद्धच नव्हती.

मोना बरी आहे. हे आधी लिहिते.

बाबा आत आहेत. आज पाचवा दिवस. काय झालं ते सगळं सांगते, कमीजास्त करत नाही.

सोमवारी मी क्लासमधून आले तर बाबांनी थैली ओट्यावर ठेवली होती. पांढऱ्याशुभ्र, नेहमीपेक्षा मोठ्या. टोक आहे का बघितलं. काहींना असल्यासारखं वाटलं, काहींच्या टोप्या मोडल्या होत्या. मी दमले होते, मोनाला भूक लागली होती. कांदा, लसूण, तिखट घालून केल्या. आठ वाजता तिघांची ताटं वाढली. हर्षल सेकंड शिफ्टला रसमड्याला, फॅक्टरीत होता. बाबा म्हणाले, "पोरीले नको वाढू." मी वाढलं. मोनानं एक तुकडा तोंडात घातला.

बाबा उठले. आत्या, त्यांना उठायला आधार लागतो, पण ते एका झटक्यात उठले. मोनाचा जबडा धरला, तिच्या तोंडात बोट घातलं आणि तो तुकडा बाहेर काढला. ताट भिरकावलं. ती किंचाळत होती, तिच्या ओठातून रक्त आलं. मला वाटलं ते आता पूर्ण गेले, आता ते माझ्या मुलीला मारतील. मी त्यांना ढकललं. माझ्या बापाला मी ढकललं. आणि म्हणाले, "तुम्हाला एकट्याला पाहिजे ना? घ्या. खा सगळं." अख्खं पातेलं त्यांच्यासमोर आपटलं आणि मोनाला घेऊन आतल्या खोलीत गेले. तिला दूध-पोळी दिली.

थोड्या वेळानं बाहेर येऊन बघितलं तर पातेलं रिकामं होतं. त्यांनी सगळं खाल्लं होतं. घासूनपुसून. नंतर मला सुचलं की त्यांनी ते भुकेनं खाल्लं नव्हतं, आमच्यासाठी काही उरू नये म्हणून खाल्लं होतं.

सकाळी सहाला उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात आणेपर्यंत त्यांना उभं राहता येईना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, किती वाजता खाल्लं? मी म्हटलं आठ. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. लगेच उलटी झाली असती तर बरं, उशिरा होते ती वाईट, असं म्हणाले. मग विचारलं, अजून कोणी खाल्लं? मी मोनाकडे बघितलं. ती बोलेना. रात्री मी इतकी ओरडले होते की तिला वाटलं खरं सांगितलं तर अजून रागावेन. तो अर्धा तास मी कसा काढला ते मला लिहिता येणार नाही. नर्सनं तिला मांडीवर घेतलं तेव्हा ती म्हणाली, आजोबांनी काढून घेतलं, मी गिळलंच नाही. तरी तिला दोन दिवस ठेवून घेतलं, रक्त तपासलं. दोन्ही वेळा चांगलं आलं. ती आता शेजारच्या सिंधुताईंकडे आहे.

मंगळवारीच हर्षल वारूळ बघायला गेला, नमुना हवा होता म्हणून. आत्या, वारूळ नाहीच. प्लॉटिंगसाठी तिथे जेसीबी फिरलाय, सगळं सपाट, चुन्याच्या रेषा आखल्यात. दोन आठवडे झाले म्हणे. मी रोज त्या रस्त्यानं क्लासला जाते आणि मला दिसलं नाही. बाबा मात्र गेले, त्यांना वारूळ सापडलं नाही, तसेच पुढे चालत राहिले असतील. पलीकडे जुन्या झाडांची रांग आहे, तिथे मोडलेले देठ होते. हर्षलनं एक उकरून आणलं. लांब मूळ नव्हतं. बुडाशी पांढरी वाटी होती, तू लिहिलंस तशी. आणि आत्या, शेजारी मातीवर तांदळाचे दाणे होते.

बुधवारी बाबा उठून बसले. चहा मागितला. मी आनंदानं रडले. डॉक्टर हसले नाहीत, म्हणाले लिव्हरचं आत्ता काही सांगता येत नाही. तेव्हा मला राग आला होता. आज तुझं पत्र वाचल्यावर कळलं ते का हसले नाहीत. आज बाबांचे डोळे पिवळे दिसतात. मी दर तासाला जाऊन बघते आणि उजेड बदलला म्हणून तसं वाटत असेल असं स्वतःला सांगते. जीव नुसता टांगणीला लागलाय.

एक विचारायचं आहे. ते ग्लानीत सारखं एकच बोलतात. डॉक्टरांनी विचारलं, किसने तोड़ा था, तेव्हापासून. म्हणतात, "म्या तोडल्या. मैनीनं नाई. तिले मारू नका." हात डोक्यावर घेऊन म्हणतात. तू तर लिहिलंस त्यांनीच तोडल्या होत्या. मग ते तुला का वाचवतात?

पुंडलिकदादा निघालेत. बस करते.

अनुजा


पिंपळटोला
४ ऑगस्ट

अनुजा,

पुंडलिक आत्ताच आला आणि त्याला लगेच परत पाठवते आहे. त्याची बायको रागावली असेल, रागावू दे.

मी तुला खोटं लिहिलं. त्रेसष्ट वर्षं मी तेच सांगत आले, सवयीनं हात तसाच चालला.

गुलाबच्या वेळी तोडल्या मी होत्या. देवाजी माझ्यासोबत होता, म्हणाला होता मैने, याच्या बुडाशी वाटी आहे. मी म्हटलं तुला काय कळतं, तू माझ्याहून लहान. थैली भरायची घाई होती मला. बाप दोरी घेऊन विचारायला लागला तेव्हा माझी बोबडी वळली. देवाजी पुढे झाला, म्हणाला म्या तोडल्या. आठ वर्षांचं पोर. मी तिथंच उभी होते. मी बोलले नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. आई गेली, बाप गेला, आता घरात ऐकणारं कोणी राहिलं नाही, तरी मी बोलले नाही.

त्यानंतर मी कधी सात्याला हात लावला नाही. देवाजीनं मात्र सोडलं नाही. तो तोडायचा, आधी खायचा आणि रात्रभर जागा राहायचा, मीही जागी असायची. त्याच्या अंगावरच्या दोरीच्या खुणा मी मोजलेल्या आहेत. त्याच्या लग्नात हळद लावतानाही त्या दिसत होत्या.

सगळं विसरला आणि तेवढं विसरला नाही. माझं पाप तेवढं त्याच्या डोक्यात शिल्लक राहिलं.

मी येऊ शकत नाही, माझे पाय गेल्या महिन्यापासून धरले आहेत. तू माझं एक काम कर. तो वाचला तर त्याच्या कानाशी जाऊन सांग, मैनीनं कबूल केलं. तिनं तोडल्या होत्या. आता मारणारं कोणी राहिलं नाही, तू मोकळा झालास. वाचणार नसेल तर आजच सांग.

मला फार भीती वाटते अनुजा. गुलाबच्या चौथ्या दिवशी वाटली होती तशीच.

मैना


कुरुद, भिलाई
१९ ऑगस्ट

प्रिय आत्या,

पुंडलिकदादांच्या फोनवरून तुला कळलं असेलच, तरी माझ्या हातानं लिहिते. बाबा वाचले. सहाव्या दिवशी लिव्हरचा आकडा वर चढायचा थांबला, आठव्या दिवशी उतरायला लागला. डॉक्टर म्हणाले नशीब, या वयात एवढं खाऊन माणूस सहसा घरी जात नाही. दहाव्या दिवशी घरी आणलं. अंगावर मांस राहिलेलं नाही आणि अजून दर आठवड्याला रक्त तपासायला न्यायचं आहे.

पहाटे जाग आली की मी आधी मोनाच्या नाकाशी हात धरते, मग बाबांच्या. हर्षल म्हणतो आता पुरे. पुरे कसं होईल? दारातल्या कुंडीत परवा एक बारीक पांढरी टोपी आली होती. मी कुंडीसकट उचलून फेकली.

क्लासमध्ये तो धडा परत आला. वाळवी आणि अळिंबी पुस्तकात नाही, पण मी फळ्यावर काढली. एका मुलानं विचारलं, मॅडम, यात फसवतं कोण? मी म्हटलं कोणी नाही. ते झाडाचं, हे वारुळाचं, दोघंही आपापल्या घरी नीट आहेत. चुकतो तो वेचणारा. सांगून मी फळा पुसून टाकला.

आपल्या घरचा नियम मी आता पाळते. फक्त जरा बदलून. तोडणारं कोणी नाही, रांधणारी मी आहे. बाबा दवाखान्यातून आल्यापासून कोणाच्या हातचं खाईनात, ताट बघितलं की भिंतीकडे तोंड करायचे. मग एक दिवस मी त्यांच्यासमोर बसून आधी स्वतः खाल्लं. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले, चांगला पाव तास. मला काही होत नाही हे बघून मग घास उचलला. तेव्हापासून रोज तसंच. वरणभात असो की चहातलं बिस्कीट. त्यांना माझं नाव आठवत नाही, पण मी खाल्ल्यावर त्यांचे डोळे भीतीनं माझ्यावर खिळतात. मी त्यांना हावरट म्हटलं होतं. तू ते पत्र जपून ठेवलं असशील तर फाडून टाक.

तुझं काम काल केलं. इतके दिवस धीर झाला नाही. दुपारी जेवायला बसलो होतो, मोना शाळेत होती. मी त्यांच्या कानाशी गेले आणि तू लिहिलंस तसंच सांगितलं. मैनीनं कबूल केलं. तिनं तोडल्या होत्या. आता मारणारं कोणी नाही.

बाबा घाबरले. दाराकडे बघितलं, माझं मनगट घट्ट धरलं आणि हळूच म्हणाले, "गप. बाप आयकून राहिला."

मी म्हटलं, नाही बाबा, कोणी नाही ऐकत. त्यांना पटलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले, ओळखीचं काही सापडावं तसं. मी रोजच्यासारखा पहिला घास घ्यायला हात उचलला, तेव्हा त्यांनी माझं ताट स्वतःकडे ओढलं. भाताचा घास केला आणि आधी स्वतःच्या तोंडात घातला.

मग म्हणाले, "मैने, तू उद्या खाय."

तुझी,
अनुजा